पोर्टोफिनोच्या तीन नकला आणि थीम पार्कचा न दिसणारा हिशेब

इटलीच्या लिग्युरिया किनाऱ्यावर पोर्टोफिनो नावाचं चिमुकलं बंदर आहे. पाण्याला अगदी खेटून अर्धगोलात उभी असलेली पिवळी, गुलाबी, विटकरी घरं, ही त्याची ओळख. १९९९ साली ऑरलँडोला युनिव्हर्सलच्या आवारात या गावाच्या रूपाचं एक हॉटेल उघडलं. २००१ मध्ये टोकियो डिस्नेसीच्या दारातलं बंदर त्याच वळणावर बांधलं गेलं. आणि मग आपल्या मुळशी तालुक्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी, लवासाच्या दासवे भागात तीच रंगीत रांग पुन्हा उभी राहिली. पहिल्या दोन नकला पार्कवाल्यांच्या, तिसरी शहर वसवू पाहणाऱ्यांची. पहिल्या दोन चालल्या. तिसरीचं काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको.

थीम पार्कचा समाजावरचा आणि वास्तुरचनेवरचा प्रभाव म्हटलं की लोक किल्ले, मनोरे आणि फायबरचे डायनासोर मोजू लागतात. तो प्रभाव खरा आहे, पण उथळ आहे. पार्कनं जगाला दिलेली मोठी गोष्ट म्हणजे गर्दीचा हिशेब: माणूस कुठे वळेल, किती वेळ उभा राहील, त्याला काय दिसू द्यायचं नाही, त्याचा कचरा कुठून जाईल. नक्कल करणारे रंग उचलतात आणि हिशेब तिथेच ठेवून येतात.

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये, संत्र्यांच्या बागा तोडून मोकळ्या केलेल्या १६० एकरांवर सुरू झालं. जागा वॉल्ट डिस्नेला आवडली म्हणून घेतलेली नव्हती. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या हॅरिसन प्राइस यांनी १९५३ मध्ये लोकसंख्येचा कल, नियोजित महामार्ग, हवामान आणि जमिनीचे भाव तपासून ती सुचवली होती. करमणुकीच्या धंद्यात हे नवं होतं. जत्रेतला पाळणेवाला जागा मिळेल तिथे पाळणा लावतो. इथे आधी गणित मांडलं गेलं.

तरी पहिल्या दिवशी फजिती झालीच. बनावट तिकिटांमुळे अपेक्षेच्या दुपटीच्या आसपास माणसं आत आली. उन्हानं ताजं डांबर मऊ पडलं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतू लागल्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास दोन्ही वेळेत पुरे होणार नव्हते. डिस्नेनं संडास निवडले. लोक चिडले, पण निवड बरोबर होती. तहानेला बाटलीचं पेय चालतं, दुसऱ्या गरजेला पर्याय नसतो. आजही आपल्याकडे यात्रेचं किंवा मोठ्या सभेचं नियोजन करताना हा क्रम उलटाच असतो: मंडप आधी, शौचालयं शेवटी.

आता आराखडा. डिस्नेलँडला दार एकच. त्या काळातल्या अनेक करमणूक बागांना चारी बाजूंनी वाटा असत, त्यामुळे एकच दार ठेवणं वेडेपणाचं वाटलं होतं. पण एक दार असलं की प्रत्येक माणूस एकाच क्रमानं जागा पाहतो. आधी मातीच्या बांधावरून जाणाऱ्या रेल्वेखालचा बोगदा, मग मेन स्ट्रीट, टोकाला किल्ला, किल्ल्यापुढे गोल चौक आणि चौकातून फुटणाऱ्या वाटा. बांधामुळे बाहेरचा रस्ता आणि विजेचे खांब दिसत नाहीत. किल्ला नजरेला ओढतो, म्हणून पाट्या न वाचता माणसं पुढे सरकतात. चुकलात तर चौकात परत या, चौक सापडतोच.

मेन स्ट्रीटवरच्या इमारतींचे वरचे मजले खालच्या मजल्यापेक्षा लहान प्रमाणात बांधलेले आहेत. त्यामुळे इमारत उंच भासते, पण अंगावर येत नाही. किल्ल्याच्या भिंतीतले दगडही वर जाताना लहान होत जातात. डिस्नेलँडचा किल्ला प्रत्यक्षात फक्त ७७ फूट, म्हणजे आपल्याकडच्या सात मजली इमारतीएवढा आहे. फ्लोरिडातल्या डिस्ने पार्कचा १८९ फूट. अमेरिकेत २०० फुटांवर गेलं की विमानांसाठी लाल दिवा लावण्याचा नियम लागतो, आणि परीकथेच्या कळसावर लाल दिवा कोणाला हवा?

ही युक्ती ठरावीक बाजूनं आणि ठरावीक अंतरावरूनच चालते. जवळ जाऊन वरच्या खिडकीत माणूस उभा केला की सगळं उघडं पडतं. शेजारी खरं झाड लावलं तर ते वाढतं आणि प्रमाण बिघडवतं. फ्लोरिडाच्या चौकातली मोठी झालेली झाडं पुढे काढून टाकली गेली. किल्ला दिसू लागला आणि सावली गेली. सोसायटीच्या फाटकावर किंवा मंगल कार्यालयावर असा किल्ला चढवणाऱ्यांनी हा व्यवहार आधी ध्यानात घ्यावा. आपल्याकडे सावली जाणं ही छोटी किंमत नाही.

पडद्यामागचं काम तर याहून बारीक. डिस्नेलँडमध्ये काउबॉयच्या वेशातला कर्मचारी भविष्यनगरी या विभागातून चालत जाताना डिस्नेला दिसला आणि ते त्याला खटकलं, असं सांगतात. १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलेल्या फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममध्ये यावर उपाय केला गेला: कर्मचाऱ्यांसाठी खालून बोळ. फ्लोरिडात जमिनीखाली थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून बोळ जमिनीच्या पातळीवरच बांधले, शेजारचं तळं खणून निघालेली माती त्यांच्याभोवती आणि वर घातली आणि पार्क त्यावर रचला. पाहुणा फिरतो तो खरं तर वरचा मजला. खालच्या सुमारे ९ एकरांत कपडेपट, स्वयंपाकाचा माल, वायरी, नळ आणि कचरा. कचरा नळीतून हवेच्या झोतानं ओढून नेला जातो, ताशी सुमारे ९५ किलोमीटर वेगानं; यंत्रणा स्वीडिश. या बोळांची नक्कल फार कमी ठिकाणी झाली, कारण त्यांचा फोटो निघत नाही.

सगळ्यात जास्त दूरवर पोहोचली ती रांग, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

पार्कचा आराखडा वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसासाठी करत नाहीत आणि सरासरी दिवसासाठीही नाही. पहिल्यासाठी केला तर उरलेलं वर्ष पार्क ओस वाटतो आणि पैसा अडकतो. दुसऱ्यासाठी केला तर निम्मं वर्ष माणसं चिडतात. म्हणून गर्दीच्या उतरत्या यादीत साधारण पंधराव्या-विसाव्या क्रमांकावर येणारा दिवस धरतात. त्या दिवशी एका वेळी आत किती माणसं असतील ते काढतात. समजा १५,००० निघाली. प्रत्येकाला तासाला दीड तरी गोष्ट मिळावी म्हटलं तर तासाला २२,५०० जागा लागतात. आता एक चांगला रोलर कोस्टर घ्या: गाडीत २८ माणसं, दर ९० सेकंदांना एक गाडी सुटते. तासाला ४० गाड्या, ११२० माणसं. असे २० कोस्टर कोणी बांधत नाही. म्हणून मिरवणूक, नाटक, चालत पाहायची घरं, नावा, आगगाडी. बघणाऱ्याला हा भरणा वाटतो. गणितात त्यांचं वजन कोस्टरपेक्षा जास्त असतं.

११२० हा आकडाही कागदावरचा. गाडी ९० ऐवजी १२० सेकंदांनी सुटली तर तासाला ३० गाड्या, ८४० माणसं. दहा तासांत २८०० जागा गेल्या. उशीर का होतो? पाठीवरची पिशवी ठेवायची जागा फलाटाच्या भलत्या बाजूला असते. चष्मा, मोबाइल खिशात घालायला प्रत्येकजण लॅप बार (मांड्यांवर येणारा अडसर) खाली आल्यावर सुरुवात करतो. ऑपरेटरला प्रत्येक बार हातानं ओढून पाहावा लागतो, आणि तो पाहिलाच पाहिजे. चारच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसलं की एक जागा रिकामी. सातही ओळींत तसं झालं तर गाडीचा पाव भाग रिकामा धावतो. एकट्या माणसांची वेगळी रांग त्यासाठीच असते.

मालकाला अशा वेळी तिसरी गाडी आणावीशी वाटते. तिचा उपयोग होत नाही. कोस्टरचा मार्ग ब्लॉकमध्ये वाटलेला असतो आणि पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी त्यात शिरू शकत नाही. फलाटावर वेळ लागत असेल तर जादा गाडी माणसांसकट ब्रेकवर उभी राहते, बस्स. अडचण फलाटावर असेल तर पैसा फलाटावर घालावा.

सतत चालणाऱ्या डब्यांची साखळी हा डिस्नेचा या अडचणीवरचा उपाय होता. १९६९ च्या हाँटेड मॅन्शनमध्ये डबे थांबतच नाहीत. माणूस त्याच वेगानं सरकणाऱ्या पट्ट्यावर पाय ठेवून बसतो. दर तीन सेकंदांना एक डबा आणि डब्यात दोघं धरले तरी तासाला २४०० होतात. तोटा असा की सगळे डबे एकाच साखळीत असल्यामुळे एका आजींना चढायला वेळ लागला तर अख्खं भुताचं घर थांबतं. डिस्नेलँडमधल्या त्या घराची ताणत जाणारी खोली पाहून लोक थक्क होतात. ती खोली म्हणजे लिफ्ट आहे. खेळाची खरी इमारत बांधाच्या बाहेर आहे आणि माणसांना रेल्वेखालून तिकडे न्यायचं तर आधी खाली उतरवायला हवं. अडचण झाकायला केलेली सोय हाच खेळाचा सर्वांत लक्षात राहणारा भाग ठरला. रचनेची अशी हुशारी मला शंभर मनोऱ्यांपेक्षा मोलाची वाटते.

विमानतळ, व्हिसा केंद्र, बँक इथल्या नागमोडी रांगेची तालीम पार्कांतही झाली. तिचे नियम साधे आहेत. ओळीची रुंदी ९० ते १०० सेंटिमीटर: चाकाची खुर्ची जाते, पण घुसखोर सहज पुढे सरकत नाही. वळणावर जास्त जागा, नाहीतर खुर्ची तिथे अडकते. कठडा सुमारे मीटरभर उंच. दर काही ओळींनंतर बाहेर उघडणारं फाटक, कारण मधल्या ओळीत कोणी कोसळलं तर त्याला काढायचं कुठून? चौरस मीटरमध्ये दोन माणसं आरामात उभी राहतात. चारच्या पुढे काळजी सुरू करायची, आणि पाच-सहाला माणूस स्वतःच्या पायावर हलत नाही, गर्दी त्याला हलवते. थांबण्याचा वेळ काढायला भागाकार पुरतो. रांगेत १२०० माणसं आणि तासाला ८०० आत जात असतील तर दीड तास. शेवटच्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो कमी कुरकुरतो. अनेक पार्क पाटीवर मुद्दाम थोडा वाढवून लिहितात म्हणजे आत पोहोचताना वेळ वाचल्यासारखा वाटतो.

बिघाड आला तो मागच्या दारानं. डिस्नेनं १९९९ मध्ये फास्टपास आणला: वेळ ठरवून घ्या आणि तेव्हा थेट या. तेव्हा फुकट होता. २०२१ मध्ये त्याच्या जागी पैसे मोजून घ्यायची सोय आली. तासाला १००० ची क्षमता असलेल्या खेळातल्या ८०० जागा वेगवान रांगेला दिल्या की साध्या रांगेला उरतात २००. मग पुढे अवघी ४०० माणसं दिसत असली तरी दोन तास. समोर रांग लहान आणि हलत मात्र नाही, यानं माणूस सर्वांत जास्त बिथरतो. सशुल्क किंवा व्हीआयपी दर्शन देणाऱ्या देवस्थानांत साध्या बारीत उभ्या असलेल्यांच्या रागाचं गणितही हेच.

आता शहरांकडे. बिल्डर जेम्स राउस यांनी १९६३ मध्ये हार्वर्डच्या परिषदेत, नगररचनेचा अमेरिकेतला सर्वांत उत्तम नमुना म्हणजे डिस्नेलँड, असं सांगितलं. नंतर त्यांच्याच कंपनीनं बोस्टनचं फॅन्युइल हॉल मार्केट (१९७६) आणि बाल्टिमोरचं हार्बरप्लेस (१९८०) उभं केलं: जुन्या बाजाराचं किंवा बंदराचं रूप, आत दुकानं, स्वच्छ फरशी, पहारा. तिथून मॉलपर्यंतचा रस्ता सरळ आहे. १९९२ च्या मॉल ऑफ अमेरिकात तर मधोमध करमणूक पार्कच बसवला. वास्तुविशारद चार्ल्स मूर यांनी १९६५ मध्येच बोट ठेवलं होतं की कॅलिफोर्नियात सार्वजनिक आयुष्य अनुभवायला आता पैसे मोजावे लागतात. हा आक्षेप मला राउस यांच्या कौतुकाइतकाच खरा वाटतो. पार्कचा चौक छान असतो कारण नको ती माणसं फाटकाबाहेर असतात. शहराला ती सवलत नसते.

फ्लोरिडात डिस्नेनं सुमारे २५,००० एकर घेऊन १९६७ मध्ये स्वतंत्र जिल्हा मिळवला: बांधकामाचे नियम, रस्ते, सांडपाणी, अग्निशमन, सगळं कंपनीच्या हातात. २०२३ मध्ये राज्य सरकारनं तो ताबा काढून घेतला, पण अर्धशतकाहून अधिक काळ पार्क नीट चालला तो या अधिकारावर. लवासालाही विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला होता. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायला लावलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. ऑरलँडोच्या पोर्टोफिनोला रोज शेजारच्या पार्कमधून गिऱ्हाईक मिळतं. शहराला शाळा, नोकऱ्या, दवाखाना आणि सोमवारची वर्दळ लागते. ती दर्शनी भागातून येत नाही.

हवामानाचा मुद्दाही आहे. डिस्नेनं स्वतःची नक्कल करतानाही पाऊस विचारात घेतला. १९८३ च्या टोकियो डिस्नेलँडमध्ये मेन स्ट्रीटच्या जागी काचेच्या छताखालचा बाजार केला. १९९२ च्या पॅरिसच्या पार्कात दुकानांच्या मागून झाकलेल्या वाटा दिल्या. (दारूबंदी मात्र फ्रेंचांवर लादून पाहिली, ती वर्षभरात मागे घ्यावी लागली.) सह्याद्रीच्या पावसात सपाट रंगीत भिंत छज्जाविना उभी केली की दोन पावसाळ्यांत काळे ओघळ येणारच. फायबरच्या शोभेच्या कामाचंही तेच: जेलकोटमध्ये (फायबरवरच्या बाहेरच्या रंगीत थरात) अतिनील किरण रोखणारं द्रव्य नसेल तर रंग खडूसारखा पांढुरका होतो, आतल्या लोखंडी सांगाड्याला गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा थर) नसेल तर बोल्टच्या भोकांतून गंजाचे ओघळ उतरतात. सिमेंटमध्ये काचतंतू घालायचे तर अल्कली सोसणारेच हवेत. साधे तंतू सिमेंट हळूहळू खाऊन टाकतं. आणि पार्क ज्याला बांधकामाइतकंच महत्त्व देतात ते रात्रपाळीचं धुणं-रंगवणं आपल्या अंदाजपत्रकात बहुधा नसतंच.

एस्सेलवर्ल्ड (१९८९) आणि खोपोलीजवळचं इमॅजिका (२०१३) यांनी मराठी मुलांना दिवसभराचं तिकीट आणि कोस्टरची रांग शिकवली. पुण्याजवळ आंबेगावच्या शिवसृष्टीचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला, म्हणजे इतिहास सांगायलाही आता हीच भाषा वापरली जाते. पण गर्दी हाताळण्याची सर्वांत मोठी शाळा आपल्याकडे आधीपासून होती, आणि तिकडे वास्तुविशारद फारसे फिरकत नाहीत: पंढरपूर.

आषाढीच्या आधी विठ्ठलाचा पलंग निघतो आणि दर्शन दिवसरात्र सुरू राहतं. पार्कच्या भाषेत, चालू तास वाढवून क्षमता वाढवली. पदस्पर्शदर्शनाला माणशी दोन सेकंद धरा: तासाला १८००, नित्योपचार वगळून वीस तास मिळाले तर ३६,०००. येणारे लाखोंनी. म्हणून मुखदर्शनाची वेगळी रांग, जिथे कोणी वाकत नाही आणि माणशी एक सेकंदही पुरतो. त्यातही जमलं नाही तर नामदेव पायरी, आणि तेही नाही तर कळस. कळसदर्शनाला क्षमतेची मर्यादाच नाही, आणि ते घेऊन परतणारा वारकरी स्वतःला फसवला गेलेला समजत नाही. कुठल्याही पार्कला अजून असा पर्याय उभा करता आलेला नाही.

शिर्डीला ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा हजारांहून जास्त भाविकांना बसून थांबता येईल असं दर्शनरांग संकुल सुरू झालं. उभ्या रांगेचं बसण्यात रूपांतर हा बदल मोठा आहे, पण त्यानं वेग वाढत नाही. वेग ठरतो गाभाऱ्याच्या दारात आणि बाहेर पडायच्या वाटेवर. बाहेरची वाट आतल्या वाटेपेक्षा रुंद हवी, आणि चपला-प्रसादाची खिडकी दारापासून इतकी लांब हवी की तिची रांग मागे गाभाऱ्यापर्यंत पोहोचू नये. पंढरपुरात गोपाळपूरच्या बाजूला लांबलेल्या बारीत मात्र प्रश्न वेगळा आहे: तासन्‌तास उभ्या असलेल्या बाईला बाहेर जावं लागलं तर परत तिच्या जागी कसं यायचं. क्रमांकाचा टोकन, कठड्याला दर शंभर मीटरवर फाटक आणि फाटकालगतच शौचालय एवढं केलं तर तो सुटतो.